जीपीयू रिकामा दिसतो, तरी चित्र रखडतं: नवं कार्ड मागवण्याआधी फ्रेम कुठे गळते ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणजवळच्या एका कारखान्याच्या डिझाईन विभागात ४० जण व्हर्च्युअल डेस्कटॉपवर (म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या, पडदा दुरून बघायच्या संगणकावर) काम करतात. व्हीएमवेअर ईएसएक्सआयचे (एका यंत्रावर अनेक डेस्कटॉप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) दोन सर्व्हर आहेत, दोन्हींत एनव्हिडियाचं एकेक ए१६ ग्राफिक्स कार्ड आहे आणि प्रत्येक डेस्कटॉपला २ जीबीचं प्रोफाइल, म्हणजे कार्डाच्या मेमरीचा तेवढा वाटा, दिलं आहे. सॉलिडवर्क्स आणि ऑटोकॅड या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल फिरवताना चित्र धक्के खातं. माउस पुढे जातो आणि मॉडेल मागून येतं. घरून काम करणाऱ्यांची तक्रार जास्त आहे, पण कारखान्यात बसणारेही काही जण वैतागले आहेत. डॅशबोर्डवर जीपीयूचा (कार्डावरच्या चित्र काढणाऱ्या चिपचा) वापर मात्र २५ टक्क्यांच्या आसपासच दिसतो. वरिष्ठ नवं कार्ड घ्यायला तयार आहेत. घ्यावं का?

माझं उत्तर आधीच सांगतो: अजून नको. तुम्ही दिलेल्या माहितीत कार्ड कमी पडतंय याचा एकही पुरावा नाही. मी गेली बरीच वर्षं हेच काम करतो आहे आणि ‘ग्राफिक्स स्लो आहे’ या एका वाक्यामागे किमान पाच वेगळे आजार पाहिले आहेत. पाचही आजारांत माणसाला दिसतं ते एकच, की चित्र अडकतं. त्याच्या या एका शब्दावरून निदान होत नाही. तो कधी अडकतो, कुठे बसलेला असतो आणि नेमकं काय करत असतो, हे तीन प्रश्न विचारले की अर्धं निदान होतं.

एका फ्रेमचा प्रवास डोळ्यांपुढे आणा. सॉलिडवर्क्स मॉडेलची भूमिती प्रोसेसरवर तयार करून जीपीयूकडे देतं. जीपीयू चित्र काढतो. एन्कोडर ते चित्र दाबून लहान करतो, नेटवर्क ते वाहून नेतं, आणि वापरणाऱ्याच्या टेबलावरचा क्लायंट ते उलगडून मॉनिटरवर टाकतो. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर यातल्या प्रत्येक टप्प्याने एका फ्रेमचं काम ३३ मिलिसेकंदांत उरकायला हवं. ६० हव्या असतील तर १७ मिलिसेकंदांत. एक टप्पा अडला की बाकीचे हातावर हात ठेवून बसतात. म्हणून जीपीयू २५ टक्क्यांवर असणं हे सुखाचं लक्षण मानू नका. कदाचित त्याच्यापर्यंत काम पोचतच नसेल, कदाचित त्याने काढलेलं चित्र पुढे कुणी उचलत नसेल.

आणि तुमच्या त्या २५ मध्ये आणखी एक गोम असू शकते. ए१६ दिसायला एक कार्ड असलं तरी त्यावर चार स्वतंत्र जीपीयू आहेत, प्रत्येकाजवळ स्वतःची १६ जीबी मेमरी. डेस्कटॉपला यातल्या एकाच जीपीयूचा तुकडा मिळतो. शेजारचा जीपीयू झोपलेला असला तरी मदतीला येत नाही. २ जीबीच्या हिशोबाने एका जीपीयूवर ८ डेस्कटॉप बसतात. ईएसएक्सआयच्या होस्ट ग्राफिक्स सेटिंगमध्ये डेस्कटॉप कसे वाटायचे याचे दोन पर्याय असतात: सगळ्या जीपीयूंवर पसरायचे, किंवा एक भरला की दुसऱ्याला हात लावायचा. हा दुसरा पर्याय चालू असेल तर एका सर्व्हरवरच्या तुमच्या २० डेस्कटॉपची वाटणी ८, ८, ४ आणि ० अशी होते. एक जीपीयू दिवसभर मोकळा, आणि दोघांवर आठ-आठ जणांची गर्दी. डॅशबोर्डने चौघांची सरासरी काढली की सगळं आलबेल दिसतं. चौघंही २५ वर असतील तरी सरासरी २५ येते, आणि एक जण १०० वर नि तिघं शून्यावर असतील तरी तेवढीच येते.

होस्टवर, म्हणजे सर्व्हरवर, एनव्हिडिया-एसएमआय ही आज्ञा चालवा आणि चारही जीपीयूंचे आकडे वेगळे बघा. त्याचाच ‘डीमॉन’ हा प्रकार दर सेकंदाला आकडे देतो, आणि त्यात चित्र काढण्याचा भार, मेमरीचा भार, एन्कोडर आणि डीकोडर हे रकाने वेगवेगळे दिसतात. नोंद सेकंदाची हवी. डिझायनर मॉडेल दोन-तीन सेकंद फिरवतो, मग अर्धा मिनिट बघत बसतो. पाच मिनिटांच्या सरासरीत ते दोन सेकंद विरघळून जातात, आणि त्रास नेमका त्याच दोन सेकंदांत होतो. तक्रार करणाऱ्याला फोनवर घ्या, ‘आता फिरवा’ म्हणा, आणि त्याच क्षणी रकाने बघा. माझ्या अनुभवात या दहा मिनिटांनी जेवढं कळतं तेवढं महिनाभराच्या आलेखांनी कळत नाही.

पण त्याच्याही आधी, अगदी पहिल्या पाच मिनिटांत, लायसन्स तपासा. व्हीजीपीयूला (डेस्कटॉपला मिळालेल्या जीपीयूच्या तुकड्याला) लायसन्स मिळालं नाही तरी डेस्कटॉप सुरू होतो आणि पहिली २० मिनिटं पूर्ण ताकदीने चालतो. त्यानंतर फ्रेम सेकंदाला १५ वर बांधल्या जातात, आणि २४ तास उलटले की ३ वर. एका ठिकाणी मला लोक सांगत होते, ‘सकाळी आल्यावर मस्त चालतं, चहा घेऊन आलं की रखडतं.’ तिथल्या टीमने नेटवर्क तपासलं होतं, स्टोरेज तपासलं होतं, अँटिव्हायरस काढून पाहिला होता. तीन आठवडे गेले होते. डेस्कटॉप माणूस लॉगिन करेल तेव्हाच सुरू होत होते, त्यामुळे २० मिनिटांचं घड्याळ नेमकं चहाच्या वेळेला संपायचं. गोल्डन इमेज, म्हणजे सगळे डेस्कटॉप ज्यावरून बनतात तो मूळ साचा, नव्याने बनवताना लायसन्सची टोकन फाइल त्यात ठेवायची राहून गेली होती, बस्स. डेस्कटॉपच्या आत एनव्हिडिया-एसएमआयला ‘क्यू’ हा पर्याय देऊन सविस्तर माहिती मागवली की लायसन्सची स्थिती आणि मुदत दिसते. नसेल मिळालं तर टोकन फाइल जागेवर आहे का, लायसन्स सर्व्हरपर्यंत ४४३ पोर्ट खुला आहे का, आणि दोन्हीकडची घड्याळं जुळतात का, एवढं बघा. तक्रारीत ‘थोड्या वेळाने’ हा शब्द आला की माझा हात आधी इथेच जातो.

आता प्रोफाइल. त्याच्या नावात शेवटी एक अक्षर असतं आणि ते महत्त्वाचं आहे. ‘बी’ म्हणजे कार्यालयीन डेस्कटॉप, ‘क्यू’ म्हणजे डिझाईनचं वर्कस्टेशन. सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरला जे प्रमाणित व्यावसायिक ड्रायव्हर लागतात ते ‘क्यू’ बरोबर येतात. तुम्ही ‘२ जीबी’ एवढंच लिहिलंत, अक्षर लिहिलं नाहीत. लायसन्स स्वस्त पडतं म्हणून ‘बी’ घेतलं गेलं असेल तर डिझाईनच्या लोकांसाठी ते बदलावं लागेल, त्यात तडजोड नाही. शिवाय नेहमीच्या वाटपपद्धतीत ‘बी’ प्रोफाइल सेकंदाला ४५ फ्रेमवर आणि ‘क्यू’ ६० वर मुद्दाम थांबवलेलं असतं. चाचणी घेताना आकडा बरोबर ४५ वर अडकलेला दिसला तर घाबरू नका. एकट्या माणसाने सगळा जीपीयू खाऊ नये म्हणून ठेवलेला तो लगाम आहे.

मेमरीचं गणित तुमच्यासाठी सगळ्यात फलदायी ठरेल असं मला वाटतं. विंडोज, दोन मॉनिटर, पंधरा टॅब उघडलेला ब्राउझर आणि त्यावर हजार भागांची असेंब्ली, एवढं २ जीबीत मावणं कठीण आहे. ग्राफिक्सची मेमरी भरली की डेटा सर्व्हरच्या साध्या मेमरीत ये-जा करू लागतो, आणि ठरावीक अंतराने हिसके बसतात. चित्र एकसारखं संथ असेल तर कारण दुसरं शोधा. गुळगुळीत चालता चालता अचानक गचका बसत असेल तर मेमरी तपासा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर समर्पित मेमरी किती भरली ते दिसतं. जड असेंब्ली उघडून तो आकडा २ जीबीला टेकतो का बघा.

टेकत असेल तरी कार्ड घ्यायची गरज नाही, कारण तुमच्याकडची वाटणीच बदलता येते. ४ जीबीच्या प्रोफाइलने एका जीपीयूवर ४ आणि एका ए१६ वर १६ डेस्कटॉप बसतात. २ जीबीने एका कार्डावर ३२ बसतात. तुमच्या ४० जणांत मोठ्या असेंब्लीवर काम करणारे खरे किती? बहुतेक डिझाईन विभागांत ते तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतात. बाकीचे ड्रॉइंग, तपासणी आणि कागदपत्रं करतात. जड काम करणाऱ्या १६ जणांना एका सर्व्हरवर ४ जीबी द्या, उरलेल्या २४ जणांना दुसऱ्या सर्व्हरवर २ जीबी द्या. चाळीस पूर्ण झाले. दुसऱ्या सर्व्हरवर चारही जीपीयूंवर पसरवलं तर प्रत्येकावर सहाच जण येतात. एकाच सर्व्हरवर दोन्ही आकार मिसळायचा मोह टाळा. एका जीपीयूवर एकाच आकाराची प्रोफाइलं हा जुना नियम धरून चला. पसरण्याच्या पर्यायात २ जीबीवाले आधी सुरू होऊन चारही जीपीयूंवर एकेक जाऊन बसले, की ४ जीबीवाल्याला सकाळी जागाच मिळत नाही आणि त्याचा डेस्कटॉप सुरूच होत नाही. या मांडणीतली एक उणीव मान्य करायला हवी: जड कामाचा सर्व्हर बंद पडला तर त्या १६ पैकी ८ जणांनाच दुसरीकडे जागा मिळेल, तीही २ जीबीवर, आणि दुसरा बंद पडला तर जड कामाचा सर्व्हर आधीच भरलेला असल्याने त्या २४ जणांना जागाच उरणार नाही. हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा.

जीपीयू खरोखर वापरला जातोय का, हा प्रश्न बावळट वाटतो पण विचारायलाच हवा. ऑटोकॅडमध्ये ‘ग्राफिक्सकॉन्फिग’ आज्ञा दिली की हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू आहे का आणि कोणतं कार्ड ओळखलं आहे ते दिसतं. सॉलिडवर्क्सच्या परफॉर्मन्स पर्यायांत ‘सॉफ्टवेअर ओपनजीएल’ वर खूण असेल तर सगळं चित्र प्रोसेसर काढतोय असं समजा. लिनक्सच्या डेस्कटॉपवर रेंडरर म्हणून ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर अर्थ तोच. आणि चाचणी घेताना एक चूक मी चांगल्या चांगल्या लोकांना करताना पाहिली आहे: वापरणारा होरायझन किंवा सिट्रिक्स या दुरून जोडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरने जोडलेला असतो, आणि ॲडमिन तोच डेस्कटॉप साध्या रिमोट डेस्कटॉपने किंवा व्हीएमवेअरच्या कन्सोलवरून उघडून ‘मला तर असंच दिसतं’ म्हणतो. प्रोटोकॉल, म्हणजे जोडणीची पद्धत, बदलला की चित्र उचलण्याची वाट बदलते, कधी कधी ड्रायव्हरही बदलतो. वापरणारा ज्या वाटेने येतो त्याच वाटेने जाऊन बघा.

सर्व्हरच्या प्रोसेसरकडे मात्र नीट थांबून बघा, कारण कॅडच्या (डिझाईन सॉफ्टवेअरच्या) तक्रारींत हा गुन्हेगार सर्वांत जास्त वेळा सुटतो. मॉडेल नुसतं फिरवताना अडकतं, की एखादं फीचर बदलल्यावर पुन्हा बांधणी होताना अडकतं? दुसरं असेल तर जीपीयूचा संबंध जवळजवळ नाही. ती बांधणी मुख्यतः एकाच कोअरवर चालते, आणि तिथे कोअरची संख्या उपयोगी पडत नाही, त्याचा वेग पडतो. हजारो सुट्या भागांची असेंब्ली फिरवतानाही प्रत्येक भाग ‘काढ’ म्हणून जीपीयूला सांगण्याचं काम प्रोसेसर करतो; तो दमला तर जीपीयू २५ टक्क्यांवर वाट बघत राहतो. सर्व्हर घेताना ‘जास्त कोअर’ या निकषावर कमी वेगाचा प्रोसेसर घेतला गेला असेल तर नवं कार्ड टाकूनही काडीचा फरक पडणार नाही. वेग वाढवण्याचे फुकटचे उपाय आधी करा. होस्टची पॉवर पॉलिसी ‘बॅलन्स्ड’ वरून ‘हाय परफॉर्मन्स’ वर न्या, आणि सर्व्हरच्या बायोसमध्येही वीज वाचवणारा मोड नाही ना ते बघा. मी एके ठिकाणी फक्त एवढंच केलं, आणि दुसऱ्या दिवशी लोकांनी नवं कार्ड आलं का म्हणून विचारलं.

मग ‘सीपीयू रेडी’ बघा. डेस्कटॉपला काम करायचं आहे पण कोअर मोकळा नाही म्हणून तो रांगेत उभा आहे, तो वेळ म्हणजे रेडी. व्हीएमवेअरच्या व्हीसेंटर या नियंत्रण-सॉफ्टवेअरच्या चालू आलेखात २० सेकंदांचा एक ठोका असतो आणि आकडा मिलिसेकंदांत येतो, म्हणून त्याला २०,००० ने भागून टक्केवारी काढावी लागते. डेस्कटॉपच्या एकूण आकड्याला व्हर्च्युअल प्रोसेसरच्या संख्येनेही भागायचं. एका व्हर्च्युअल प्रोसेसरमागे १,००० मिलिसेकंद म्हणजे ५ टक्के, आणि त्याच्या वर गेलं की डिझायनरला हाताला जाणवतं. इथे उपाय उलटा वाटेल असा आहे. प्रत्येकाला ८ व्हर्च्युअल प्रोसेसर दिले असतील तर ४ किंवा ६ करून बघा. सगळ्यांना भरपूर वाटलं की सगळेच रांगेत उभे राहतात.

आता चित्र तयार झालं असं धरू. ते दाबायचं आहे. एका फुल एचडी पडद्याची एक फ्रेम न दाबता सुमारे ८.३ मेगाबाइट भरते; ३० फ्रेमचे सेकंदाला जवळजवळ २५० मेगाबाइट, म्हणजे २ गिगाबिट. ४के मॉनिटर असेल तर त्याच्या चौपट. एवढं काम प्रोसेसरवर टाकलं तर कॅडला उरणार काय? त्यासाठी कार्डावर एन्कोडिंगचं वेगळं यंत्र असतं, त्याला एनव्हीएन्क म्हणतात. पण ते आपोआप वापरलं जाईलच असं नाही. होरायझन असेल तर डेस्कटॉपमधल्या परफॉर्मन्स ट्रॅकरमध्ये चालू एन्कोडरचं नाव दिसतं; तिथे एनव्हिडियाचं नाव हवं. क्लायंटच्या सेटिंगमध्ये एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीची (कोडेकची) परवानगी काढलेली असेल तर गाडी जुन्या पद्धतीवर उतरते. सिट्रिक्स असेल तर हार्डवेअर एन्कोडिंगची आणि व्हिडिओ कोडेक कुठे वापरायचा याची अशा दोन पॉलिसी बघा. डिझाईनच्या लोकांसाठी पूर्ण पडद्याला कोडेक हा पर्याय मला ठीक वाटतो. साधं आरडीपी, म्हणजे विंडोजचं रिमोट डेस्कटॉप, असेल तर ग्रुप पॉलिसीत हार्डवेअर ग्राफिक्स वापरण्याची आणि हार्डवेअर एन्कोडिंगची अशा दोन्ही परवानग्या द्याव्या लागतात, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये रिमोट डेस्कटॉपच्या नोंदींत १७० क्रमांकाची घटना एन्कोडर चालू आहे का ते सांगते. जुन्या लेखांमधून ‘रिमोटएफएक्स व्हीजीपीयू चालू करा’ असा सल्ला मिळेल, तो सोडून द्या. सुरक्षेच्या त्रुटीमुळे मायक्रोसॉफ्टने ते जुलै २०२० मध्ये बंद केलं आणि नंतर काढूनच टाकलं. कार्ड निवडताना याच मुद्द्यावर फसगत होते, म्हणून सांगतो: एआयसाठी घेतलेल्या ए१०० मध्ये हे एन्कोडिंगचं यंत्रच नाही. ‘महागडं कार्ड पडून आहे, डेस्कटॉपला लावू’ असं कुणी सुचवलं तर नको म्हणा.

रंगाची एक तक्रार वेगळी ओळखा. ऑटोकॅडच्या काळ्या पार्श्वभूमीवर लाल किंवा निळ्या बारीक रेघा आणि अक्षरं पुसट, कडा फुटलेल्या दिसतात. माणूस तेही ‘ग्राफिक्स खराब’ असंच सांगतो. व्हिडिओ दाबताना उजेडाची माहिती प्रत्येक बिंदूची ठेवतात आणि रंगाची चार बिंदूंना मिळून एकच, त्याचा हा परिणाम आहे. ४:४:४ पद्धत चालू केली की रेघा स्वच्छ होतात. आरडीपीत त्यासाठी एव्हीसी ४४४ ची पॉलिसी आहे, होरायझन क्लायंटमध्ये रंगाच्या अचूकतेचा पर्याय आहे. बदल्यात बँडविड्थ आणि क्लायंटवरचा भार वाढतो, म्हणून ही सवलत ड्रॉइंगवाल्यांनाच द्या.

फ्रेम नेमकी कुठे गळते हे सांगणारं सगळ्यात प्रामाणिक साधन आरडीपीत आणि मायक्रोसॉफ्टच्या अझूर व्हर्च्युअल डेस्कटॉपवर मिळतं. विंडोजच्या परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये ‘रिमोटएफएक्स ग्राफिक्स’ नावाचा गट आहे (नाव जुनं राहिलं, मोजमाप आजही उपयोगी आहे). त्यात आत आलेल्या फ्रेम आणि बाहेर गेलेल्या फ्रेम सेकंदागणिक दिसतात, आणि गाळलेल्या फ्रेमचे तीन वेगळे काउंटर आहेत: सर्व्हर कमी पडला म्हणून, नेटवर्क कमी पडलं म्हणून, क्लायंट कमी पडला म्हणून. आत येणाऱ्याच फ्रेम १० असतील तर दोष ॲप्लिकेशन, प्रोसेसर किंवा जीपीयूचा. आत ३० आणि बाहेर १२ असतील तर तिघांपैकी कोणता काउंटर हलतोय ते बघा. सरासरी एन्कोडिंग वेळ ३३ मिलिसेकंदांच्या वर असेल तर एन्कोडिंगच अडलंय. होरायझन आणि सिट्रिक्सची आपापली साधनं आहेत, पण त्यांच्याकडेही हाच प्रश्न विचारायचा: किती तयार झाल्या आणि किती पोचल्या? एक लक्षात घ्या, यातल्या बहुतेक प्रोटोकॉलची मूळ मर्यादा सेकंदाला ३० फ्रेम असते. ती ६० करता येते, पण सगळ्यांना ६० दिलं की एन्कोडर आणि नेटवर्क दोन्हींवरचा भार दुपटीकडे जातो. मॉडेल फिरवायला स्थिर ३० पुरतात. डोळ्याला त्रास होतो तो २८ वरून ९ वर आणि परत २८ वर जाण्याचा.

घरून काम करणाऱ्यांची तक्रार जास्त आहे, म्हणजे तुमच्याकडे बहुधा दोन आजार एकत्र आहेत. कारखान्यातल्यांचा वर सांगितलेल्यांपैकी एक, आणि घरच्यांचा तो अधिक नेटवर्कचा. इथे लोक स्पीड टेस्ट काढून पाठवतात: १०० एमबीपीएस. तो आकडा या कामाला फारसा उपयोगी नाही. विचारायचं ते हे: फेरी (डेटा जाऊन परत यायचा वेळ) किती मिलिसेकंदांची, तिच्यात चढउतार किती, आणि पाकिटं (डेटाचे तुकडे) किती गळतात. टीसीपी ही डेटा पाठवण्याची पद्धत अशी, की तो एखादं पाकीट हरवलं की मागचं सगळं थांबवून ते पुन्हा मागवतो. १९९७ मध्ये मॅथिस आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं सूत्र इथे डोळे उघडतं: ४० मिलिसेकंदांच्या फेरीवर फक्त १ टक्का पाकिटं गळत असतील तर पारंपरिक टीसीपीच्या एका जोडणीला साधारण साडेतीन मेगाबिटच्या वर जाता येत नाही, मग घरची लाइन १०० ची असो की ३०० ची.

म्हणून प्रोटोकॉल यूडीपीवर (हरवलेल्या पाकिटासाठी न थांबणाऱ्या पद्धतीवर) चालतोय याची खात्री करा. होरायझनचं ब्लास्ट, सिट्रिक्सचं ईडीटी आणि अझूरचं शॉर्टपाथ तिघंही यूडीपी वापरतात, आणि तिघंही वाट बंद दिसली की गुपचूप टीसीपीवर उतरतात. डेस्कटॉप चालतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. सिट्रिक्सच्या डेस्कटॉपमध्ये ‘सीटीएक्ससेशन’ आज्ञा ‘व्ही’ पर्यायासह चालवली की चालू वाट यूडीपी की टीसीपी ते लिहून येतं. अझूरच्या क्लायंटमध्ये जोडणीच्या माहितीत तेच दिसतं. ब्लास्टसाठी बाहेरच्या गेटवेवर ८४४३ आणि आत डेस्कटॉपपर्यंत २२४४३ हे पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी खुले आहेत का, हे फायरवॉलवाल्याला लेखी विचारा. ‘पोर्ट उघडलाय’ या तोंडी उत्तरात बहुतेक वेळा फक्त टीसीपी असतं. आणि सगळी जोडणी जर टीसीपीवर चालणाऱ्या व्हीपीएनच्या आतून जात असेल, तर आत यूडीपी असून उपयोग नाही. गळती भरायला सगळं थांबतंच.

अंतराचंही बघा. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर हजार किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर धरले तर ६५ मिलिसेकंद निसर्गानेच घेतले, आणि केबल सरळ रेषेत जात नाही. तुमचे सर्व्हर चाकणला आणि माणसं पुण्यात आहेत, तेव्हा फेरी एक-दोन आकडी मिलिसेकंदांतच हवी. ती ८० दिसत असेल तर रहदारी कुठून तरी वळसा घेऊन येते आहे. सगळ्या कार्यालयांचं इंटरनेट परदेशातल्या मुख्यालयातल्या सुरक्षा यंत्रणेतून फिरवलेलं मी पाहिलं आहे; पिंपरीतल्या घरातून चाकणला जायला पाकीट युरोप फिरून येत होतं.

घरचं वायफाय हा शेवटचा पण फार मोठा टप्पा. २.४ गिगाहर्ट्झवर, राउटर दुसऱ्या खोलीत, शेजाऱ्यांची दहा नेटवर्कं. तक्रार करणाऱ्या दोघांना राउटरला केबलने जोडून अर्धा दिवस काम करायला सांगा. कारखान्यात जुने थिन क्लायंट (फक्त डेस्कटॉप दाखवणारी छोटी यंत्रं) असतील तर तिथेही हाच टप्पा अडतो: फुल एचडी एच.२६४ ते हार्डवेअरवर उलगडतात, पण ४के दोन मॉनिटर किंवा ४:४:४ दिलं की प्रोसेसरवर येतात आणि दम तोडतात. तोच डेस्कटॉप, त्याच टेबलावर, त्याच केबलवर एका चांगल्या लॅपटॉपवरून उघडून पाहिला की पाच मिनिटांत फैसला होतो. व्हिडिओ कॉलही याच माळेत येतो; टीम्स वगैरेचं व्हर्च्युअल डेस्कटॉपसाठीचं ऑप्टिमायझेशन चालू नसेल तर कॅमेऱ्याचं चित्र सर्व्हरवर जाऊन परत येतं, आणि मीटिंग चालू असताना कॅड रखडतं.

आकड्यांवर भांडण झालं तर मी मोबाइल वापरतो. आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन असतो. माउसवरचं बोट आणि पडदा दोन्ही दिसतील असा व्हिडिओ घ्या, आणि बटण दाबल्यापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजा. एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. कारखान्यातून २० फ्रेम आणि घरून ६० फ्रेम आल्या, तर ८३ आणि २५० मिलिसेकंद. यावर कुणी वाद घालत नाही, ना नेटवर्कवाले, ना सर्व्हरवाले. दुरुस्तीच्या आधी एक आणि नंतर एक असे व्हिडिओ ठेवले की वरिष्ठांना दाखवायलाही तेच पुरतं.

तुम्ही सोमवारी काय करावं ते सांगतो. लायसन्सची स्थिती चार डेस्कटॉपवर बघा. होस्टची वाटपपद्धत पसरण्यावर आणि पॉवर पॉलिसी हाय परफॉर्मन्सवर न्या. नवी वाटणी डेस्कटॉप पूर्ण बंद करून सुरू केल्यावरच लागू होते, म्हणून हे रात्री करा. मग तीन माणसं निवडा: कारखान्यातला एक त्रस्त, कारखान्यातला एक समाधानी, घरून काम करणारा एक त्रस्त. तिघांना एकच असेंब्ली उघडून फिरवायला लावा आणि त्या क्षणाचे आकडे टिपा: त्यांच्या जीपीयूचा भार, भरलेली मेमरी, सीपीयू रेडी, एन्कोडरचं नाव, फ्रेम तयार किती नि पोचल्या किती, फेरी किती, वाट यूडीपी की टीसीपी. यापुढे मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदल एकत्र केले आणि बरं वाटलं तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या अपडेटनंतर तोच त्रास परत येतो.

हे सगळं करून, १६ आणि २४ ची वाटणी लावूनही, जड कामाच्या सर्व्हरवरचे चारही जीपीयू गर्दीच्या वेळी वारंवार ९० टक्क्यांच्या वर जात असतील, प्रोसेसर मोकळा असेल आणि कारखान्यातल्या केबलवर बसलेल्या माणसालाही अडकत असेल, तर कार्ड मागवा. तेव्हा मात्र चार छोट्या जीपीयूंचं आणखी एक ए१६ घेऊ नका. जड असेंब्लीवाल्यांसाठी एकाच मोठ्या जीपीयूचं, २४ जीबी किंवा त्याहून जास्त मेमरीचं कार्ड बघा, कारण त्यांना गर्दी कमी करून मिळणार नाही असा एका क्षणाचा जोर हवा असतो. वरचे आकडे हाती आले की पाठवा, मी बघून सांगेन.